बातमी छापण्याआधी: पत्रकारांनी कायदेशीर अडचणी कशा टाळायच्या?

रात्रीचे साडेनऊ वाजलेत असं समजा. निफाड तालुक्यातल्या बातमीदाराचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो: अमुक व्यापारी शेतकऱ्यांच्या द्राक्षांचे पैसे बुडवून पळाला. सोबत चॅटचे चार स्क्रीनशॉट, एका चेकचा फोटो आणि व्यापाऱ्याचा फेसबुकवरून उचललेला फोटो. पान साडेदहाला सोडायचं आहे. बातमी महत्त्वाची आहे, शेतकऱ्यांचे पैसे खरोखर अडकलेत. पण यातला एक स्क्रीनशॉट बनावट निघाला तर? फोटो त्याच आडनावाच्या दुसऱ्याच माणसाचा असला तर?

नाशिक जिल्ह्यात अशी बातमी दर हंगामात एकदा तरी येते. म्हणून हेच उदाहरण धरून, दैनिकात, साप्ताहिकात किंवा न्यूज पोर्टलवर काम करणाऱ्यांनी कायद्याच्या बाजूने काय सांभाळायचं ते आज पाहू. हा लेख वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण वकिलाकडे जायची वेळच येऊ नये यासाठी त्याचा उपयोग होईल.

बनावट कागदाची जुनी गोष्ट

बनावट स्क्रीनशॉट हा आजचा प्रश्न वाटतो, पण मराठी पत्रकारितेतला पहिला मोठा बदनामीचा खटला बनावट कागदांवरूनच उभा राहिला. १८८१ साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. आगरकर ‘केसरी’चे संपादक, टिळक ‘मराठा’चे. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर दोन्ही पत्रांनी छापला. आधार होता बर्व्यांच्या नावाच्या काही पत्रांचा. ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली तरी खटला थांबला नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. सूट मिळून डोंगरीच्या तुरुंगातून ते १०१ दिवसांनी बाहेर आले.

दोघांचा हेतू स्वच्छ होता यावर कुणी शंका घेत नाही. पण ‘आम्हाला पत्रं खरी वाटली’ एवढं कोर्टात पुरलं नाही, आजही पुरत नाही. ‘मला फॉरवर्ड आलं होतं’ हे तर त्याहून कच्चं उत्तर आहे.

मग आपल्या हातातला कागद खरा आहे का, हे रात्री साडेनऊला कसं पाहायचं? बऱ्याच गोष्टी घरबसल्या तपासता येतात.

चॅटचा स्क्रीनशॉट आला असेल तर तो पुरावा धरू नका. बनावट चॅट तयार करणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. ज्याच्या फोनवर ते संभाषण आहे त्याला फोन हातात धरायला सांगा, समोरच्याचा नंबर उघडून दाखवायला सांगा, आणि चॅट वरखाली सरकवत दुसऱ्या फोनने सलग व्हिडिओ घ्या. शासन निर्णय असेल तर त्यावर सांकेतांक असतो, तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत मिळते का पाहा. एफआयआर असेल तर पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधा. संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत अपलोड करावेत, असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. कोर्टातल्या खटल्याला १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक असतो, ई-कोर्ट्सवर टाकला की तारखा आणि आदेश दिसतात. डिजिटल सातबाऱ्यावरचा कोडही स्कॅन करून पडताळता येतो. दहा मिनिटांचं काम आहे.

बदनामीचा कायदा आज काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुनं ४९९ आणि ५०० आता कलम ३५६ मध्ये एकत्र आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड, किंवा दोन्ही. समाजसेवा हा पर्याय नवीन आहे. फौजदारी बदनामीचं कलमच रद्द करा, अशी मागणी सुप्रीम कोर्टाने मे २०१६ मध्ये फेटाळली, त्यामुळे हे कलम आहे तसंच राहिलं. हा गुन्हा जामीनपात्र आणि अदखलपात्र आहे. म्हणजे बातमी छापली म्हणून ठाण्यातून कुणी थेट एफआयआर करून उचलत नाही. ज्याची बदनामी झाली त्याने न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करायची असते.

कलमाला दहा अपवाद आहेत. आपल्याला सगळ्यात जवळचा पहिला: गोष्ट खरी असेल आणि ती छापणं सार्वजनिक हिताचं असेल तर बदनामी होत नाही. इथे बरेच जण घसरतात. फौजदारी खटल्यात नुसतं ‘खरं आहे’ पुरत नाही, लोकांच्या हिताचंही असावं लागतं. व्यापाऱ्याने शेतकऱ्यांचे पैसे थकवले ही बातमी त्यात बसते. त्याच व्यापाऱ्याच्या घरगुती भांडणाचा तपशील बसत नाही, मग तो शंभर टक्के खरा का असेना. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात मात्र सत्य हा पुरेसा बचाव आहे.

अपवाद लागू होतो हे सिद्ध करायचं काम आपल्यावर असतं. म्हणून शब्द जपून वापरायचे. नाशिकच्या पेपरांत गुन्ह्याच्या बातमीत ‘संशयित’ हा शब्द असतो, तो सवयीने आलेला असला तरी सवय चांगली आहे. दोषारोप ठरेपर्यंत संशयित, ठरल्यावर आरोपी, शिक्षा झाली की दोषी. ‘पळाला’ असं लिहिण्याऐवजी ‘आठ दिवसांपासून फोन बंद असल्याचं शेतकऱ्यांनी तक्रारीत म्हटलं आहे’ असं लिहा. अर्थ तोच पोहोचतो, आणि विधानाची जबाबदारी तक्रारीवर राहते.

पण मथळा! आतल्या मजकुरात सगळीकडे ‘आरोप’, ‘कथित’ लिहायचं आणि वर सहा कॉलममध्ये ‘महाठग’. बातमीदाराने सांभाळलेलं डेस्कवर एका शब्दात वाया जातं. हल्ली त्यात यूट्यूबचं थंबनेल आलं: लाल बाण, गोल, आणि ‘पर्दाफाश’. तक्रारदाराचा वकील आधी तोच फोटो कोर्टात लावणार.

समोरच्याची बाजू घेणं ही नुसती शिष्टाचाराची गोष्ट नाही. सद्भावनेने, पुरेशी काळजी घेऊन छापलं हे दाखवायचा तो सोपा मार्ग आहे. एक फोन करून उचलला नाही म्हणून सोडू नका. फोन करा, मेसेज टाका, प्रश्न नेमके लिहा, उत्तरासाठी वेळ द्या, आणि त्या मेसेजचा पुरावा ठेवा. उत्तर आलं तर छापा, नाही आलं तर ‘प्रतिसाद मिळाला नाही’ हे छापा.

शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ आठवते? ‘या अंकात प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही.’ या ओळीने कुणी सुटत नाही. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक म्हणून ज्यांचं नाव छापलंय त्यांनी मजकूर निवडला असं कायदा गृहीत धरतो. गुजरातमधल्या एका दैनिकाच्या संपादकाने ‘निवासी संपादकाने छापलं, मला माहीत नव्हतं’ असा बचाव घेतला होता. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने खटला चालू द्यायला सांगितलं. १८६७ च्या जुन्या छापखाना कायद्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून नवा नियतकालिक नोंदणी कायदा आलाय, नोंदणी आता ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर होते. संपादक बदलला असेल तर तिथलं नाव बदलून घ्या, नाहीतर दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने समन्स यायचं.

पंधरा सेकंदांचा फोटो

सप्टेंबर २००८ मध्ये एका राष्ट्रीय इंग्रजी वाहिनीवर, ‘टाइम्स नाऊ’वर, गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी चालली होती. बातमीत उल्लेख होता दुसऱ्या एका न्यायमूर्तींचा, नावात थोडं साम्य होतं, आणि पडद्यावर साधारण १५ सेकंद फोटो लागला पी. बी. सावंत यांचा. सावंत म्हणजे सुप्रीम कोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती, आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्षही. त्यांनी पुण्यात दावा लावला. एप्रिल २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांची भरपाई ठरवली. अपिलासाठी हायकोर्टाने २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी भरायला सांगितलं, त्यात हस्तक्षेप करायला सुप्रीम कोर्टाने नकार दिला.

आकडा अवाढव्य आहे यावर तेव्हाही पुष्कळ टीका झाली, आणि माझंही मत तेच आहे. पण चूक किती साधी होती बघा: फोटोच्या फोल्डरमध्ये नावावरून शोधलं, जो आला तो लावला. आपल्या द्राक्ष व्यापाऱ्याच्या बातमीत तेच होऊ शकतं. एकट्या निफाड-दिंडोरीत एकाच नावाची किती माणसं निघतील सांगा. फेसबुकवरचा फोटो तक्रारदार शेतकऱ्यांपैकी दोघांना तरी दाखवून ‘हाच का?’ विचारा. खात्री नसेल तर द्राक्षबागेचा फोटो लावा, कुणाचं बिघडत नाही. बागेचा फोटोही गूगलवरून उचलायचा नाही बरं का. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी कॉपीराइट कायद्यात सवलत आहे, पण जागा भरायला उचललेला फोटो त्यात बसत नाही. ‘सौजन्य: इंटरनेट’ ही काही परवानगी नव्हे.

देवळाली: छुपा कॅमेरा आणि दोन वर्षांची केस

आता नाशिकचं स्वतःचं प्रकरण. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘द क्विंट’च्या पत्रकार पूनम अगरवाल यांनी देवळालीच्या लष्करी भागात छुप्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केलं. विषय होता ‘सहायक’ पद्धत: अधिकाऱ्यांच्या घरची कामं, कुत्रे फिरवणं, मुलांना शाळेत सोडणं जवानांकडून करून घेतलं जातं का. व्हिडिओत जवानांची ओळख लपवली होती, असं त्या संस्थेचं म्हणणं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्चच्या सुरुवातीला, त्यात बोललेल्या जवानांपैकी एकाचा मृतदेह छावणीतल्या एका वापरात नसलेल्या बराकीत सापडला. नाशिक पोलिसांनी अगरवाल आणि त्यांना मदत करणाऱ्या एका निवृत्त जवानावर ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट आणि आत्महत्येस प्रवृत्त करणे यांसारखी कलमं लावली. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो एफआयआर रद्द केला.

म्हणजे पत्रकार कायद्याने सुटल्या. पण दोन वर्षं गेली, आणि एक माणूस गेला तो गेलाच. कोर्टाच्या निकालाने पहिला प्रश्न मिटला, दुसरा प्रश्न कुठल्याही निकालाने मिटत नाही.

नाशिकच्या पत्रकाराने १९२३ चा हा गोपनीयतेचा कायदा इतरांपेक्षा जास्त लक्षात ठेवायला हवा. देवळालीची छावणी, ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडच्या नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या प्रेस, सगळं आपल्याच जिल्ह्यात. ‘निषिद्ध स्थळ’ या व्याख्येत येणाऱ्या जागेचं चित्रीकरण करायचं तर लेखी परवानगी घ्या. पोलिस ठाणं मात्र निषिद्ध स्थळ नाही. ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून लावलेला असा गुन्हा वर्ध्याच्या प्रकरणात हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला.

ज्याची ओळख लपवायची आहे, ती खरोखर लपली पाहिजे. इथे तांत्रिक चुका फार होतात.

चेहरा धूसर केला तरी आवाज, हातावरचा टॅटू, मागचं कॅलेंडर, युनिफॉर्मवरची खूण यावरून ओळखीचा माणूस लगेच ओळखतो. आवाज नुसता जाड-बारीक केला तर तो परत मूळ पट्टीत आणता येतो. तेच शब्द दुसऱ्याच्या आवाजात म्हणून घेणं सर्वात सुरक्षित. फोटोत कुठे, कधी, कोणत्या फोनने काढला ही माहिती दडलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ठिकाणाची माहिती गळून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच राहते. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी टाकली तरी खालचा मजकूर कॉपी करून बाहेर काढता येतो. फोनच्या मार्कर पेनने खोडलेलं तर ब्राइटनेस वाढवला की वाचता येतं. कागद छापा, काळ्या शाईने खोडा, झेरॉक्स काढून मग स्कॅन करा. जुनी पद्धत, पण पक्की.

आणि ‘तुमचं नाव कधीच बाहेर येणार नाही’ असं वचन देताना थांबा. सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येणार नाही, ही तरतूद १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात आहे, पण ती कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरती. कोर्ट विचारू शकतं. त्या माणसाला धोका काय आहे हे आधी त्यालाच समजावून सांगा.

ही नावं छापायचीच नाहीत

इथे चर्चेला वाव नाही, म्हणून थोडक्यात. लैंगिक अत्याचार पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पीडित मूल असेल तर पोक्सोचं कलम २३, त्यात प्रकाशक आणि मालकही जबाबदार. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या बालकाचं नाव, शाळा, फोटो बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने छापता येत नाही.

ओळख म्हणजे नुसतं नाव नाही. ‘अमक्या वाडीतल्या, वडील अंगणवाडीजवळ किराणा दुकान चालवतात’ असं लिहिलं की गावात काही लपत नाही. संशयित नातेवाईक असेल तर त्याचं नाव छापूनही पीडिता उघड होते, हे डेस्कवर हमखास निसटतं. पीडिता मरण पावली असली आणि आईवडिलांची हरकत नसली तरी नाव छापता येत नाही, त्यासाठी सत्र न्यायाधीशांची परवानगी लागते, असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षी कठुआ प्रकरणात मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली हायकोर्टाने १२ माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख भरायला लावले होते.

पुरावा कसा जपायचा?

जालन्याचं एक प्रकरण आहे, खरं तर निवडणुकीचं. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, आणि विरोधी उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरला गेल्याचा दावा केला. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणाचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच का, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं: मूळ उपकरण हजर केलं तर प्रश्न नाही, पण प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र बंधनकारक.

आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलची ‘हॅश’ नोंदवायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा. एसएचए-२५६ पद्धतीने काढली तर ६४ अक्षर-अंकांची ओळ मिळते, आणि व्हिडिओतला एक बिंदू बदलला तरी ती पूर्ण बदलते. विंडोजमध्ये ती काढायची सोय आधीपासून आहे, ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा. फोनसाठी फुकट अ‍ॅप्स आहेत.

बातमीदाराने रोज एवढं करावं: मुलाखतीचं रेकॉर्डिंग झालं की मूळ फाइलला हात न लावता प्रत काढा, हॅश काढून तारखेसह स्वतःलाच ईमेल करा, आणि कापाकापी प्रतीवर करा. संवेदनशील बातमीचं मेमरी कार्ड फॉरमॅट न करता पाकिटात घालून ठेवा. फोन विकताना किंवा बदलताना आधी हे आठवा. स्रोताशी बोलताना ‘आपोआप नाहीसे होणारे मेसेज’ चालू असतील तर त्याला संरक्षण मिळतं, पण तुमचा पुरावाही त्यासोबत जातो. दोन्हींचा विचार करून ठरवा.

कोर्ट, कुंभ आणि ड्रोन

कोर्टाच्या कामकाजाचं अचूक वार्तांकन आणि निकालावरची रास्त टीका म्हणजे अवमान नव्हे, हे १९७१ च्या कायद्यातच लिहिलंय. अचूक या शब्दावर जोर आहे. न्यायाधीशांचा तोंडी शेरा म्हणजे आदेश नव्हे, बातमीत तो फरक दिसला पाहिजे. ऑनलाइन सुनावणीचं स्क्रीन रेकॉर्डिंग परवानगीशिवाय करू नका.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. २००३ च्या कुंभात नाशिकला चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते, त्यामुळे गर्दीतली अफवा काय करू शकते हे इथे वेगळं सांगायला नको. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. न्याय संहितेचं कलम ३५३ अशा खोट्या माहितीसाठी आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. खरं मानायला वाजवी कारण होतं आणि सद्भावनेने छापलं, हा बचाव त्यात आहे. पण ‘घटनास्थळावरून लाइव्ह’ करताना ऐकीव मृतांचा आकडा बोलून टाकला तर वाजवी कारण दाखवायला काहीच नसतं.

ड्रोन उडवायचा तर २०२१ चे ड्रोन नियम बघा. नकाशावर लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि विमानतळ नि लष्करी जागा असलेल्या जिल्ह्यात ‘इथे तर मोकळं रान आहे’ हा अंदाज चुकतो. कुंभाच्या काळात पोलिसांचे वेगळे मनाई आदेशही निघतात.

नोटीस आली तर

पहिल्यांदा वकिलाची नोटीस हातात पडली की दोन गोष्टी करायचा मोह होतो: फोन करून समोरच्याशी वाद घालायचा, किंवा पोर्टलवरची बातमी गुपचूप काढून टाकायची. दोन्ही करू नका. बातमी आहे तशी तारखेसह सेव्ह करा, नोट्स आणि फाइल्स एका जागी ठेवा, मग वकिलाला दाखवा.

चूक खरोखर झाली असेल तर दुरुस्ती लवकर आणि ठळक छापा. सावंत प्रकरणात तक्रारीचं पत्र गेल्यानंतर दिलगिरीची पट्टी फिरली, त्याचा उपयोग झाला नाही. पान एकवर झालेल्या चुकीची दुरुस्ती पान नऊवर, छोट्या जाहिरातींच्या शेजारी, असं कोर्टासमोर चांगलं दिसत नाही. पोर्टलवर बातमीच्या वरच दुरुस्ती लिहा, ई-पेपरची पीडीएफ आणि सोशल मीडियावरच्या पोस्टही बदला. डिजिटल माध्यमांच्या २०२१ च्या नियमांतल्या आचारसंहितेच्या काही भागाला मुंबई हायकोर्टाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, तरी पोर्टलवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असलेलं बरं. बऱ्याच लोकांना दावा नको असतो, कुणीतरी ऐकून घ्यायला हवं असतं.

मुदतीही लक्षात ठेवा. भरपाईचा दिवाणी दावा प्रसिद्धीपासून एक वर्षात लावावा लागतो. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं असतात, म्हणून कच्चा माल निदान तेवढा काळ तरी जपायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे, दंडाधिकाऱ्याने तक्रारीची दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. समन्सआधीची अशी नोटीस आली तर ‘अजून केस झालेली नाही’ म्हणून बाजूला टाकू नका. समोरच्याच्या बाजूसाठी केलेले फोन, पाठवलेले प्रश्न, तपासलेले सांकेतांक, सगळं दाखवायची पहिली संधी त्या तारखेलाच असते.